दाढीची भाजी

आबांनी मला पहिल्याच भेटीत माती खायला लावली.

लग्नाला दीड महिना झालेला. डोक्यावरचा पदर सावरत मी ह्यांच्या मागून दोन खोल्या बघायला वस्तीवर आले, तर हा म्हातारा ओसरीवरून उठला, अंगणाच्या कडेची चिमूटभर माती उचलली, माझ्यापुढं धरली आणि म्हणाला, "चाख."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे गोठ्याकडं बघत होते. साखर कारखाना नवा, माणसं ढीगभर आणि राहायला जागा नाही. हजेरी कारकुनाच्या बायकोनं जागेपायी चिमूटभर माती खाल्ली तर कुणाचं काय बिघडलं, असं त्यांच्या पाठीवरसुद्धा लिहिलेलं दिसत होतं. मी चाखली आणि थुंकले.

"कशी लागली?"

"खारट."

"मंग ऱ्हावा. मागं एकजण आल्ता. म्हनला, लई ग्वाड हाय आबा तुमची माती. त्याला उभ्या उभ्या परत लावला."

याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली. आबा गेले तेव्हा सगळी वस्ती म्हणाली, माणूस फणसासारखा, वरून काटे आणि आत गरे. मी त्यांच्याशेजारी भिंतीला भिंत लावून दोन वर्षं राहिले. भाड्याऐवजी त्यांना दोन वेळची भाकरी करून घालत होते. मला विचाराल तर आत-बाहेर सगळीकडं काटेच होते, आणि ते मला अजून टोचतात. गरे कुणी खाल्ले असतील त्यांनी सांगावं.

बारामतीहून इंदापूरकडं निघालं की नीरेचा कालवा रस्त्याला कधी सोबत करतो, कधी सोडून जातो. सोडून जातो तिथं, जरा सखल अंगाला, आबांची वस्ती होती. वरच्या अंगाचं दोन-तीन एकर रान बरं होतं. खालचं चार एकर पांढरं फटक. लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणी धोतरं वाळत घातलीत. जवळ गेलं की कळायचं, जमिनीला मीठ फुटलंय. त्या चार एकरांत हराळीसुद्धा धरत नव्हती.

सगळा मुलूख उसानं गोड झालेला आणि हा माणूस गुळाला शिवत नव्हता. लग्नाच्या पंगतीत गोडाचं ताट फिरू लागलं की आबा धोतर झटकून उठायचे. यजमान मागं धावायचा, त्यालाही चार शब्द ऐकवायचे. संक्रांतीला मी तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हटलं, "गोड बोला, आबा." त्यांनी तो कोंबड्यांपुढं टाकला.

"त्यास्नी बोलू दे ग्वाड," म्हणाले.

कालवा उंबऱ्यापासून शंभर पावलांवर. तरी आंघोळीला आबा तीन मैल चालत नदीवर जायचे. कालव्याचं पाणी अंगाला लावणार नाही म्हणे. पावसापाण्यात, थंडीत, ताप असला तरी. ओला पंचा खांद्यावर टाकून परत येईपर्यंत पुन्हा घामानं भिजलेले असायचे, आणि आल्या आल्या मला हाक, "कोऱ्हाळकरणी, भाकर!" माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचं, म्हणून मी कोऱ्हाळकरीण. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

कालव्याशी वैर कशाचं, ते एकदा कळलं. आबा दावं वळत बसले होते. मी जोंधळे निवडत होते. काही न विचारता त्यांनी सांगायला सुरुवात केली, तीही रागानंच, जणू मीच त्यांच्यावर आळ घेतला होता.

"मी कालव्यावर पाटकरी व्हतो. दारांची चावी ह्या कमरंला. लोकांच्या रानाला पाळीनं पाणी, माझ्या रानाला पाळी न्हाय, कवाबी घ्यावं. ऊस असा आला, हत्ती शिरला तर दिसला नसता. लोकं म्हनायची, आबा, तुमच्या हाताला लक्षुमी हाय. मी आणीक पाणी सोडायचो. पाचव्या वर्साला कडंकडंनं पांढरं दिसाया लागलं. म्हनलं, राख आसंल. आठव्याला समदं रान उघडं. कुनी मारलं? सरकारनं न्हाय, द्येवानं न्हाय. मी मारलं. ह्या हातानं."

मग दाव्याला गाठ मारली आणि म्हणाले, "पाणी म्हंजी दारू हाय, कोऱ्हाळकरणी. पाजणाऱ्याला कळत न्हाय कवा थांबावं."

मी "व्हय आबा" म्हटलं आणि निवडत राहिले. पण ऐकलेलं विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्यात यंत्रं बसवायला परदेशातून माणसं आली. त्यांतला एक इटलीचा. नाव लांबलचक होतं, वस्तीवर तो इटलीवाला झाला. एका रविवारी तो सायकलवरून कालव्याच्या कडेनं चालला होता. आबांचं पांढरं रान दिसलं तसा उतरला, सायकल बांधावर आडवी टाकली, रानात शिरला, वाकला आणि कुणी न सांगता चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

आबा बांधावर उभे होते. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात माती घालत आलेल्या माणसानं आपणहून माती खाणारा माणूस पहिल्यांदा बघितला. पळत गेले आणि त्याचा हातच धरला. तो इटलीचं काही ओरडत होता, आबा मराठी ओरडत होते. ओरडलं की समोरच्याला आपली भाषा कळते, असं दोघांनाही वाटायचं. मला वाटलं मारामारी जुंपली. मी खोरं घेऊन धावले, तर दोघं हसत होते.

पुढच्या रविवारी त्यानं कागदाची पुडी आणली. त्याच्या आईनं आधीच बोटीनं धाडलेलं, त्याच हंगामाचं ताजं बी. त्यानं खाणाखुणा करून सांगितलं त्यावरून आम्हाला एवढं कळलं, की त्याचं गाव समुद्राकाठी, तिथं खारट जमिनीत ही भाजी येते, आणि ती माणसं ती आवडीनं खातात. नाव सांगताना त्यानं हनुवटीपासून पोटापर्यंत हात ओढला, डोळे मिटले आणि हात जोडले.

"बुवाची दाढी?" आबांनी विचारलं आणि आपली हनुवटी ओढून दाखवली.

तो नाचलाच. "दाढी! दाढी!"

झालं. त्या भाजीचं नाव दाढी.

पांढऱ्या रानाच्या कोपऱ्यात दोघांनी खाटेएवढा वाफा केला. आबांनी पाणी घातलं ते ओंजळीनं. दहाव्या दिवशी कोंब आले, बारीक, दोऱ्यासारखे. मग ते शेपूसारखे वाढले, पण शेपूहून जाड, आत रस भरलेला, रंग हिरवाकच्च. त्या चार एकरांत कित्येक वर्षांनी हिरवं दिसत होतं. आबांनी तिथं बांधावर गोणपाट टाकलं आणि दिवसभर काठी घेऊन शेळ्या हाकत बसू लागले. भाकरी मी तिथं पोचवायची. उशीर झाला तर शिव्या, लवकर गेलं तर "एवढी कसली घाई?"

माघात पहिली कापणी झाली. इटलीवाला थेट माझ्या चुलीपुढं येऊन बसला. परपुरुष, परदेशी, आणि माझ्या चुलीपुढं! मी भिंतीला चिकटून उभी. त्यानं आधण ठेवलं. भाजीची मुळं आणि बुडाचे तांबूस देठ खुडून टाकले, उरलेली कोवळी पानं उकळत्या पाण्यात बुडवली, थोड्या वेळानं काढली आणि भाजीचं पाणी सरळ अंगणात ओतून दिलं. माझ्या आईनं त्याला केरसुणीनं बडवला असता. वर ठेचलेला लसूण, लिंबू आणि त्याच्या डब्यातलं हिरवट तेल. एवढंच. फोडणी नाही, तिखट नाही. कोमटच खायची. आबांनी खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाले, "रान खाल्ल्यासारकं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या रीतीनं केली. करडईचं तेल, लसूण, हिरवी मिरची. परतताना हात सवयीनं मिठाच्या भांड्यात गेला. आबांनी पहिला घास घेतला आणि थाळी अंगणात भिरकावली.

"तीन म्हैनं त्या झाडानं माझ्या रानातलं मीठ प्यालंय, आन तू वरनं आणीक घालतीस?"

मी थाळी उचलली, घासली, पालथी घातली. संध्याकाळी त्यांची भाकरी केलीच नाही. त्यांनीही मागितली नाही, उपाशी निजले. सकाळी मी माझ्या कामाला, ते त्यांच्या बांधावर. तिसऱ्या प्रहरी मी बिनमिठाची भाजी केली, शेवटी मूठभर बेसन पेरलं आणि थाळी पुढं आदळली. त्यांनी पुसून खाल्ली. बरी झाली असं म्हणायला मात्र जीभ रेटली नाही. दाताखाली करकरायची ती भाजी, आधी खारट लागायची, मग जराशी आंबूस. बाजरीच्या भाकरीबरोबर मी चोरून दोनदा वाढून घ्यायचे. मला ती आवडते हे मी त्यांना कळू दिलं नाही. का कळू द्यावं?

बारा जुड्या बांधून आबा बारामतीच्या बाजाराला गेले. हे त्या दिवशी काही कामानं बाजारातच होते, त्यांनी येऊन सांगितलं ते असं. मेथी-शेपूच्या रांगेत आबा बसलेले. एक बाई थांबली.

"कसली भाजी वं ही, आबा?"

"दाढी."

"अगं बया! कुनाची?"

"तुज्या सासऱ्याची!"

सगळी रांग हसली. मग एका व्यापाऱ्यानं जुडी उचलून हुंगली, हे तर तण आहे म्हणाला. आबांनी त्याच्या तोंडाशी पानं नेली, "चाख, चाख म्हनतो ना," आणि तो मागं सरकला तसे त्याच्या मागं मागं गेले, पार भांड्यांच्या दुकानापर्यंत. बाराच्या बारा जुड्या परत आल्या. चालून चालून माना टाकलेल्या.

"बारामतीला जीभ न्हाय ऱ्हायली," आबा म्हणाले. "गूळ खाऊन खाऊन मेली."

मला वाटलं, आता नाद सुटेल. पण विकणं हे त्यांच्या डोक्यात नव्हतंच. त्यांच्या डोक्यात चार एकर होतं. वाफ्यातली थोडी झाडं त्यांनी कापलीच नाहीत, बियाला सोडली. उन्हाळाभर घागरीनं पाणी घातलं. चैत्र-वैशाखात माणसं झाडाखालून हलत नाहीत, आबा त्या पांढऱ्या भट्टीत बसायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "मराल हितं, आबा." तर म्हणाले, "मारलेलं रान एकडाव जित्तं बघू दे. चारीच्या चारी एकर. मंग मरतो, तुला सांगून मरतो."

श्रावणात इटलीवाल्याचं काम संपलं. निरोपाला आला तेव्हा झाडांवर बी धरायला लागलं होतं. जाताना त्यानं आबांना बियाचं सांगितलं, आणि ते मी उंबऱ्यातून माझ्या डोळ्यांनी बघितलं, म्हणून मला बहाणा करता येत नाही. त्यानं एक कच्चं बी तळहातावर घेतलं, पिकलं की लगेच असं बोटानं दाखवलं आणि जमिनीत खुपसल्यासारखं केलं. मग मूठ झाकली, ती गालाखाली घेऊन झोपल्यासारखं केलं, बरेच दिवस म्हणून बोटं मोजली, मूठ उघडली आणि जीभ बाहेर काढून मान टाकली.

ठेवलं तर बी मरतं. एवढं सोपं होतं.

मी हसले. आमच्या कोऱ्हाळ्यात माझी आई बियासाठी प्रसिद्ध. कुणाची उतरंड फुटली, कुणाच्या बियाला कीड लागली की माणसं आईकडं यायची. तिचं तीन-तीन वर्षांचं बी वर उठून यायचं. बी कडक वाळवावं, गोवरीच्या राखेत घोळवावं, लिंबाचा पाला घालावा, मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपावं. बी मरत नाही, राखणारी बाई आळशी असते. हे मी बोलायला लागायच्या आधी शिकलेले. आणि हा यंत्रं पिळणारा गडी मला बी शिकवणार?

भाद्रपदात बी पिकलं आणि त्याच आठवड्यात आबांना हिवतापानं पाडलं. कालव्याच्या काठी तो ताप घरोघर होता. तापावरची कडू कोयनेल पाजली, घोंगड्या घातल्या. तापात त्यांचं एकच, "बी पाडलं का? पेर. आत्ता पेर. चारी एकरभर पेर."

मी बी पाडलं. पाखडलं. मडकंभर झालं. पण पेरू कशी? पितृपक्ष सुरू झालेला, नवं बी जमिनीत घालायचे ते दिवस नव्हेत. शिवाय नव्या पिकाची पहिली मूठ धन्याच्या हातानं पडते, बाईमाणसाच्या नाही, तेही भाडेकरणीच्या. आणि सगळंच्या सगळं बी एकदम जमिनीत घालायचं? असं तर उधळ्या माणसाच्या घरातही करत नाहीत. मला वाटलं, तापानं डोकं फिरलंय. म्हातारा बरा होईल तेव्हा त्याच्या हातात बी देऊ, आशीर्वाद देईल. मी ते आठ दिवस कडक उन्हात वाळवलं, राखेत घोळवलं, लिंपलं आणि उतरंडीत ठेवलं. इतकं नीट मी माहेरीसुद्धा राखलं नव्हतं.

आबा ऐकेनात. तिसऱ्या दिवशी उठून रानाकडं निघाले आणि ओसरीच्या पायरीवर कोसळले. कपाळ फुटलं. रक्त पुसताना मी म्हटलं, "पेरलं, आबा. मी सोता पेरलं."

ते शांत झाले. इतके शांत मी त्यांना कधी बघितले नव्हते.

मग रोजचं सुरू झालं. मी कण्यांची पेज घेऊन गेले की, "कोंब?" मी म्हणायचे, "येतोय." पुढं, "दोन पानं." पुढं, "बोटाएवढी झाल्यात." ताप उतरायचा, चढायचा, आणि माझं रान वाढत चाललं होतं. मला थांबता येईना. मी शेळ्या हाकल्याचं सांगितलं, वरच्या कोपऱ्यात जरा विरळ उगवल्याचं सांगितलं. आबा म्हणाले, "आसू दे. तितं मीठ कमी हाय." आणि एकदा, त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकदा, मला म्हणाले, "तू हाईस म्हनून, पोरी." मी बाहेर येऊन चुलीपुढं बसले. कुणाचा राग आला होता कुणास ठाऊक, लाकूड असं आपटलं की चूल खचली.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पौषात आबा काठी टेकत उठले. मी ह्यांच्या डब्याच्या घाईत होते, मला कळलंच नाही. बाहेर आले तर ते बांधावर उभे, आणि पुढं चार एकर पांढरं.

मी मडकं घेऊन पळत गेले. खरं सांगते, मला तेव्हा लाज नव्हती, अभिमान होता.

"आबा, एक दाणा वाया गेला न्हाय. लिंपून ठेवलंय. आता तुमच्या हातानं मूठ पडू द्या."

त्यांनी लिंपण फोडलं. बी हातावर घेतलं, फुंकर मारून राख उडवली आणि एक दाणा नखानं फोडला. मग दुसरा. मग तिसरा.

"मेलंय."

"बी कुटं मरतं व्हय, आबा!"

आणि मग तो म्हातारा सुटला. "दोन पानं आली व्हती न्हवं? कुटनं आनलीस ती पानं? बोटाएवढी झाली व्हती! म्या तुज्या बोलण्यावर चार म्हैनं जगलो, भवाने! त्यो गडी मुंडी टाकून दावत व्हता, दिसलं न्हाय तुला? तुज्या आईनं हेच शिकिवलं? तिच्या उतरंडीला आग लाव!"

मला काय वाट्टेल ते म्हणाला असता तर मी ऐकलं असतं. आईवर गेला आणि माझं डोकं फिरलं.

"रान तुमी मारलं, आबा! चावी कमरंला लावून, हावऱ्यावानी पाणी पाजून पाजून मारलं. मी काय मारलं? मूठभर बी! आन माज्यावर वरडताय?"

आबा खाली बसले. बांधावर नाही, त्या पांढऱ्या मातीतच बसले. आमचे हे तोवर धावत आले होते. ते हात जोडून म्हणाले, "चुकली, आबा. तिला अक्कल न्हाय." मला आबांपेक्षाही त्या जोडलेल्या हातांचा जास्त राग आला. मला अक्कल होती. माझ्याकडं नको तेवढी अक्कल होती, आमच्या आईनं दिलेली, आणि त्या अकलेनंच घात केला. हे मी तेव्हा बोलले नाही. पुढंही कुणाजवळ बोलले नाही.

मग आबांनी मान वर केली.

"ह्या मातीवर हात ठेव. मला परत खोटं सांगशील?"

मी हात ठेवला. "न्हाय."

"मंग खुरपं आन. टोकायला लाग."

आठ दिवस आम्ही दोघांनी ते मेलेलं बी चार एकरांत टोकलं, हातभर अंतरानं. मला माहीत होतं उगवणार नाही, त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. तरी प्रत्येक खड्ड्यात ते बी असं ठेवत होते की मला बघवेना, आणि काठीचा धक्का लागून माझी ओळ वाकडी झाली तर पुन्हा टोकायला लावत होते. त्यांना हट्ट सोडवेना आणि मला तिथून उठून जाता येईना. महिनाभर मी पाणी दिलं. उगवायचं ते उगवलंच नाही.

फाल्गुनात ताप उलटला. या वेळी कोयनेल पोटात ठरेना. वस्तीवरची माणसं येऊन बसू लागली. त्या सकाळी मी पाणी पाजायला गेले तर डोळे उघडले.

"उगवलं?"

खोलीत पाच-सहा माणसं होती. सगळ्यांना ठाऊक होतं काय सांगायचं असतं. आमचे हे भिंतीशी उभे राहून मला डोळ्यांनी खुणावत होते, सांग, सांग. एक शब्द. मी चार महिने असले शब्द पोतंभर बोलले होते, फुकट. आता एकच हवा होता आणि माझा हात त्या माणसानं मातीवर ठेवून घेतला होता.

"न्हाय, आबा."

"एखादं तरी?"

"एखादंबी न्हाय."

कुणीतरी माझ्यावर दातओठ खाल्ले. आबांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या रागानं ते म्हणाले, "मंग हितं काय करतीस? जा, पाणी दे. बेतानं दे."

मी खोरं उचललं आणि गेले. चार एकरांना वाफ्या-वाफ्यानं, तुंबू न देता, बेतानं पाणी द्यायचं म्हणजे दुपार होते. पाटाची दारं मोडून परत आले तेव्हा ओसरीपुढं चपलांचा ढीग होता आणि ह्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. साऱ्या वस्तीनं आबांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. मला तेवढं रानात धाडलं, जे उगवणार नव्हतं त्याला पाजायला. याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.